सहा पूर्णांक चार

सराफ बाजारात, विसपुत्यांच्या टंच काढायच्या खोलीत
मी दहा ते सात बसते.
झाकण उघडायचं, पाटली ठेवायची, झाकण लावायचं.
साठ सेकंद.
आत क्ष-किरण पडतात
आणि धातू आपापल्या आकड्यावर हात वर करतो:
तांबं आठाला, सोनं पावणेदहाच्या किंचित अलीकडे,
चांदी पार बाविसाला.
किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, पण इथं कोण विचारतंय.
गिऱ्हाईक कॅरेट विचारतं.

रात्री मेहरूणच्या खोलीवर तोच आलेख,
फक्त गिऱ्हाईक लांबचं.
एक निळा अवजड तारा, वीस सूर्यांचा,
आणि त्याला खेटून फिरणारा न्यूट्रॉन तारा,
रुंदीला जळगाव ते भुसावळ, जेमतेम.
नऊ दिवसांत एक फेरी.
मोठ्याच्या अंगावरून सतत वारा सुटतो,
धाकटा तो ओढून घेतो,
आणि ओढलेलं सगळं पडता पडता पेटतं.
त्या उजेडाचे कण उपग्रहानं मोजले, दीड दिवस.
ते कण माझ्या लॅपटॉपवर, लॅपटॉप इन्व्हर्टरवर,
इन्व्हर्टर घरमालक नारखेड्यांच्या मर्जीवर.

बेंडाळे सर विचारतात, पंचविसापाशी खड्डा दिसतो का?
खरा निघाला तर चुंबकत्व मोजता येईल.
मला दिसतो.
सर म्हणतात, उपकरणाचा असेल.
त्यापेक्षा बांभोरीच्या पुलाआधीचा खड्डा बरा,
स्कूटी आदळली की वाद उरत नाही.

मंगळवारी पारोळ्याहून देवकाबाई आल्या.
एकच पाटली, रुमालात, रुमाल पिशवीत, पिशवी पोटाशी.
सासूनं घातलेली. बेचाळीस वर्षं हातात.
नातीला नर्सिंगला घालायचंय.
झिजलेली कड खाली करून ठेवली मी,
आणि पडद्यावर, सोन्याच्या बऱ्याच अलीकडे,
एक सुळका उभा राहिला.
सहा पूर्णांक चार.
मी ओळखते त्याला. रोज रात्री भेटतो.
इथं कधी आला नव्हता.

“काय दखी ऱ्हायनी पोरी? खोटं शे का?”
लोखंड, म्हटलं. वरून पत्रा सोन्याचा, आत लोखंड.
विसपुते काका पंख्याकडे बघत राहिले.
बाईंनी पाटली उचलली,
दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी दाबून पाहिली,
आणि हसल्या:
“तरीच कधी वाकनी नही.”
पावती न घेता गेल्या. पाटली पुन्हा मनगटात,
रुमाल माझ्या टेबलावर राहिला.

ग्रहणाचा तुकडा मी आजवर टाळत होते.
धाकटा मोठ्याच्या मागं जातो तेव्हा कण फार थोडे येतात,
चुकीचे दांडे लांबच लांब, कशावर भरवसा ठेवायचा.
त्या रात्री तोच उघडला.
सगळा उतार खाली बसलेला, जवळपास अंधार.
फक्त सहा पूर्णांक चारला
लोखंड तसंच उभं,
धाकट्याजवळ नव्हे, लांबवर पसरलेल्या वाऱ्यात,
मोठ्याच्या आडोशाबाहेर.

सरांना लिहिलं: खड्ड्याचं नंतर बघू.
तेवढ्यात लाइट गेली, इन्व्हर्टर शिट्ट्या मारायला लागला.
सेव्ह केलं होतं की नाही, आठवेना.
चप्पल न घालता
नारखेड्यांचं दार वाजवायला गेले.