तीन किलो दोनशे

सेमिनरी हिल्सचा चढ ऑटो कण्हत चढतो.
सकाळचे साडेआठ, आणि दांडीला हात लावला की चटका.
बोंडी माझ्या ब्लाऊजपीसच्या पिशवीत, नाक तेवढं बाहेर.
घरी आली तेव्हा फुटलेल्या बोंडातला कापूस होती,
म्हणून हे नाव. आता मळकी झालीय,
तरी काट्यावर ठेवली की आकडा आधी विचार करतो,
काही ठेवलंय की नाही.

तीन किलो दोनशे.
डॉक्टर नखाते आकडा तळहातावर लिहितात,
कागद समोर असताना.
"एवढ्याशा जिवाची भूल थेंबाथेंबानं मोजा लागते, बाई.
थोडं इकडचं तिकडं झालं तं..."
वाक्य तिथंच ठेवून हात धुवायला जातात.

मग पुढचा पाय. मशीन घुर्र करतं,
रुपयाएवढी जागा उघडी पडते,
गुलाबी कातडी, आणि तिच्यात निळी रेघ
काजाच्या दोऱ्याइतकी.
चाळीस वर्षं ब्लाऊज शिवतेय मी सक्करदऱ्यात,
सुई कुठे घसरते ते मला कळतं.
प्रणय पहिल्यांदा चुकतो.
दुसऱ्यांदा श्वास धरतो. मीही.
बोंडी ओरडत नाही, माझा अंगठा चाटत राहते,
जणू टोचलंय ते मलाच.

जांभळ्या टोपणाची नळी, लाल टोपणाची नळी,
दोन्ही मिळून चमचाभर नाही.
यातून कळणार म्हणे: यकृत भूल पचवेल का,
किडनी ती बाहेर टाकेल का.
छातीला नळी लावून नखाते बराच वेळ ऐकतात,
मी तेवढा वेळ खोकला दाबून धरते.
"आणि हिले रातभर उपाशी नका ठेवू, मोठ्या कुत्र्यावानी.
लहान्याची साखर झपकन उतरते. किती वाजेपर्यंत खाऊ घालायचं ते मी सांगीन."
मी वहीत लिहिते. वही मापांची आहे.
शेंडेबाईंच्या बाहीखाली: यकृत, किडनी, साखर.

बाकावर वाट बघताना
कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला
आणि उमरेडकडची ती शाळा आली.
शिबिर होतं. बाकं भिंतीला लावलेली,
सतरंजीवर आम्ही एकवीस जणी.
वजन नाही. रक्त नाही.
परवा ताप होता का, कोणी विचारलं नाही.
अंगठा, नंबर, आत.
शेजारच्या वनमालाच्या पापण्या आतून पांढऱ्या होत्या,
मला दिसल्या. मी सातवी शिकलेली.
रात्री ती थरथरली तेव्हा माझं लुगडं तिच्यावर टाकलं
आणि बसून राहिले, टाके ओढत असताना.
वनमाला वाचली.
हे सांगावं लागतं, ऐकणारे नेहमी उलटं धरून चालतात.
वाचली, पण वर्षभर तिला घागर उचलता आली नाही,
आणि ते कुठल्या रजिस्टरात लिहिलेलं नाही.

"प्लेटलेट कमी आहेत," नखाते म्हणाल्या. "गोचीडताप.
अंगावर काही दिसत नाही, खेळते, खाते, सारं बरोबर.
पण आता कापलं तं रक्त थांबायचं नाही.
अठ्ठावीस दिवस गोळी. मग पुन्हा रक्त. मग बघू."

गोचीड मी पाहिली होती, कानामागे, एकच.
चिमट्यानं काढली, रॉकेलात बुडवली, विसरले.

पैसे ऐकून सून म्हणेल, कुत्रीले एवढे?
म्हणू दे.
बाहेर ऊन पांढरं झालं होतं.
पायाच्या पट्टीला दात लावत बोंडी पिशवीत,
आणि मी ऑटोवाल्याशी भाडं न ठरवताच बसले;
कोणीतरी *थांबा* म्हणालं होतं,
तेच डोक्यात फिरत होतं.

रात्री उकडलेल्या बटाट्यात गोळी लपवली.
बोंडीनं बटाटा खाल्ला.
गोळी वाटीत, चाटून स्वच्छ केलेली,
बटणासारखी.
अठ्ठावीसातली पहिली.