साडेबारा टक्के

बुधवारी दुपारी अडीचला मी मरते.
वॉर्ड नऊ, खिडकीजवळचा पलंग,
आठ वर्षं इंजेक्शनं देणारी नर्स शेवटी स्वतःच सलाईनवर.
डोळे उघडे ठेवून मरायचं होतं.
पापणी हलवू नकोस, दिग्दर्शक म्हणाला होता.
कुठल्याशा चॅनलवर अजून लागतं ते,
आणि मी मेले की मॉरिस टिंडलला
माझ्यातले साडेबारा टक्के मिळतात.

कागदावर तसंच होतं. इन पर्पेच्युइटी.
सही करताना मला ते अत्तराचं नाव वाटलेलं.
एकोणीस वर्षांनी युनियनच्या शिओनाने अर्थ सांगितला
तेव्हा शाळेतल्या पुस्तकातला ताम्रपट आठवला :
यावच्चंद्रदिवाकरौ.
तेही मँचेस्टरात,
जिथे आज सूर्य उगवलाय की नाही
याचीही चौकशी करावी लागते.

आमच्या उरणकडे साडेबारा टक्के म्हणजे वेगळं.
मिठागर गेलं, खाडीकाठची खाचरं गेली,
त्यातला तेवढा तुकडा परत मिळेल म्हणून
दादा बावीस वर्षं एकाच टेबलासमोर उभे होते.
टेबलामागचा माणूस तेवढा बदलायचा.
तिकडे गेलेल्यातलं थोडं येतं.
इकडे आलेल्यातलं थोडं जातं.
फोनवर सगळं समजावून सांगितलं, तर दादा म्हणाले,
"मंग सिडको कोन? तू का तो?"

बैठक स्टॉकपोर्टला, दातांच्या दवाखान्याच्या वर.
खालून मधूनमधून ड्रिल.
मध्यस्थ मिसेस ओकाफोर, पाण्याचा जग, तीन फायली,
आणि मॉरिस, निम्मा झालेला,
त्याच उंटाच्या रंगाच्या कोटात.
लीड्सच्या वाटेवर बर्फात गाडी रुतली
तेव्हा याच कोटाच्या खिशातून त्याने
अर्धं सँडविच काढून दिलं होतं.
ते आठवायचं नाही असं ठरवून गेले होते.

तो म्हणाला, भूमिका मी आणली, पीक माझ्या पेरणीचं.
मी म्हटलं, माझे पैसे पंधरा महिने तुझ्या खात्यात झोपले.
तो म्हणाला, एकोणीस वर्षं, आणि दोन ओळींचा ईमेल.
मी म्हटलं, घरतचं गॅरेट करायला लावलंस.
"सही तू केलीस."
केली होती.
मिसेस ओकाफोर म्हणाल्या,
नावाचा मुद्दा अर्जात नाही.

चार तास लागले.
जुन्या भूमिकेवर आणखी तीन वर्षं, मग काही नाही.
नव्या मालिकेवर शून्य.
अडकलेले पैसे दोन हप्त्यांत,
कारण त्याच्याकडे एकरकमी नव्हते.
हे वाक्य त्याच्या वकिलाने वाचलं.
तेवढा वेळ मॉरिस जगाच्या दांड्याकडे बघत होता.
मी जिंकायची तयारी करून आले होते,
याची नव्हती केली.

जिन्यात कठडा धरून तो थांबला. एक पायरी, दम, एक पायरी.
मी पुढे होऊ की मागे, कळेना.
"ते मरणं," तो म्हणाला, "पापणी हलली होती तुझी.
सेटवर मला दिसलं. कुणाला बोललो नाही."

या बुधवारी टीव्हीला नाक लावून बसले.
हलते.

शुक्रवारी हिशेब आला.
फिनलंडमध्ये एकदा मेल्याचे चौसष्ट पेन्स.
त्यातले त्याचे आठ.
पाच, दोन आणि एक, अशी नाणी
कार्डाला चिकटपट्टीने लावली.
तिकिटाला त्याच्या दहापट लागले.
शिओना म्हणाली, वेडी आहेस, खात्यात टाक.

खाली सही केली. घरत. आपल्या लिपीत.
पोचल्याचं अजून काही कळलेलं नाही.