पडद्याच्या मागच्या अंगाला

अवालीच्या कंपनी-सिनेमाला छप्पर नव्हतं.
पुढे वेताच्या खुर्च्या, साहेब, मडमा, बर्फाच्या बादल्या.
आम्ही पाइपलाइनवाले मागे, रेतीत फतकल मारून,
पडद्याच्या उलट्या अंगाला.
तिकीट नाही. पण अक्षरं उलटी,
पिस्तूलवाले झाडून सगळे डावखुरे,
आणि व्हर्ना टॅल्कटच्या डाव्या गालावर तीळ.

आमची वर्णाबाई.

पहिल्याच दिवशी ती मेली.
पांढऱ्या केसांची, कुणाची तरी आई,
खाटेवरून हात उचलून काहीतरी म्हणाली
(मला इंग्रजी येत होतं ते व्हॉल्व्हपुरतं)
आणि हात खाली पडला.
दाऊद परकार नाक शिंकरून म्हणाला,
"माझी चुलती अशीच गेली असणार.
पत्र आलं तेव्हा चाळीस दिवस उलटले होते."

पुढचे डबे सहा महिन्यांनी, सित्राच्या धक्क्यावर.
त्यात ती चाळिशीची, वकिलाची बायको,
खोटं बोलताना हातमोजे काढणारी.
मग तिशीची, घोड्यावर.
मग एकदम एकोणिसाची:
हॉटेलातली पोरगी, ट्रे घेऊन दारातून येते,
ठेवते, जाते.
तिकडे वीस वर्षं लागली तिला.
आमच्याकडे आधी तेरावं, मग बारसं.

सिप्रियान मास्तराला डबे उचलायला माणूस हवा होता.
"खोपटकर, तुझा हात थरथरत नाही," म्हणाला,
आणि मी यंत्राच्या खोलीत गेलो,
कार्बनच्या कांड्यांच्या उजेडात,
भट्टीपेक्षा गरम.
भोकातून पाहिलं. तीळ उजव्या गालावर.

मला लुबाडल्यासारखं झालं.
एवढे दिवस चुकीच्या गालावर जीव लावला.
मास्तर हसला. मडमांनी टाकलेली जुनी मासिकं
तो गादीखाली ठेवायचा, सगळं ठाऊक त्याला:
नाव तिचं नव्हे. बाप खाटीक.
कंपनीनं सात वर्षांच्या करारावर सही घेतली,
पुढचे दोन दात कानसले, कपाळावरचे केस उपटले,
तीळ काढला पेन्सिलीनं.
"आणि ते म्हातारपण?" मी विचारलं.
"पिठी. एक्केचाळीसची होती.
पडद्यावरचा मुलगा तिच्याहून चार वर्षांनी लहान.
त्यानंतर कुणी बोलावलंच नाही."

आमचाही करारच होता. अंगठ्याच्या रेषा, फोटो, छातीचं माप.
नाव कारकुनानं लिहिलं तसं झालं,
खोपटकरचा कोपटकर, अजून पासपोर्टात तोच आहे.
रुपया मात्र तेव्हा तिकडेही आपलाच चालायचा,
मनीऑर्डर करताना तेवढं बरं वाटे.

एका रात्री शमाल सुटला.
पडदा शिडासारखा फुगला, तिचं तोंड
एवढं मोठं झालं की खुर्च्यांवरची माणसं उठली.
रेती यंत्रात गेली. फीत तटकन तुटली.
मास्तरानं फाटकं कापलं, टोकाला टोक चिकटवलं,
आणि कापलेलं जमिनीवर पडलं
ते मी चपलेखाली धरलं.

ती गेल्याचं चौदा वर्षांनी कळलं.
मनामाच्या न्हाव्याकडे, इंग्रजी पेपरात,
क्रिकेटच्या खाली दोन ओळी.
वाचता येत होत्या आता.
दाऊदला सांगणार होतो, पण दाऊद दाभोळला,
आणि फोन ठेवताना विसरलो.

आता मुहर्रकला, मुलाच्या फ्लॅटमध्ये,
बिस्किटाच्या डब्यात तो तुकडा आहे.
मला अठ्ठ्याहत्तरावं. नातू विचारतो, ही कोण?
खिडकीशी धरून दाखवतो.
दार, ट्रे, तिचा कोपर.
दात अजून तिचेच. गालावर काही नाही,
मागून बघ, पुढून बघ.

एका सेकंदाला चोवीस चौकटी लागतात.
माझ्याकडे एकोणीस.
दार ढकलण्यापुरत्या.
ट्रे तिनं अजून ठेवलेला नाही.