कड्यांतला बर्फ

बारा अंश, फॅरनहाइटचे.
म्हणजे नाकातले केस काड्यांसारखे कडक होतात, इतके.
व्हर्लिननं टोस्ट्रुडांच्या गोठ्यामागे ट्रक लावला
आणि बराच वेळ इंजिन बंदच केलं नाही.
कुणी उतरा म्हणेना.
मागच्या सीटवर आर्लिस थर्मासचं झाकण
उघडत होती, लावत होती,
कॉफी पळून तर गेली नाही ना, बघत असल्यासारखी.

विस्कॉन्सिनचा हा कोपरा हिमनद्यांच्या तावडीतून सुटला,
एवढं एक शाळेतलं लक्षात राहिलंय.
म्हणून टेकड्या अजून टेकड्यांसारख्या,
आणि चुनखडीतून पाझरणारं पाणी
जानेवारीतही गोठत नाही.
दोन्ही काठांना गुडघाभर बर्फ,
मधे काळा, वाफाळता ओढा:
पांढऱ्या गोधडीची शिवण कुणी मधोमध उसवलेली.

रबरी विजारी छातीपर्यंत चढवून
आम्ही चौघं कुंपणाच्या तारेखालून सरपटलो.
गाईंनी पाहिलं, आणि रवंथ चालू ठेवलं.

चौथ्या फेकीला दोरी अडते.
काठीच्या कड्यांत बर्फाचे मणी.
नखानं काढायचे, नाहीतर तोंडात धरून वितळवायचे.
धातूची चव, आणि ओठाची थोडी साल कडीला.
पुन्हा चार फेकी. पुन्हा मणी.
व्हर्लिन म्हणाला,
बायकोला यातलं काही सांगू नका,
तिला वाटतं आपण इथे मासे धरतो.

अकराच्या सुमाराला ऊन टेकडी उतरलं
आणि बर्फावर चिलटं चालू लागली,
कुणी मिरपूड सांडावी तशी.
वळणावर, विलोच्या मुळाशी,
पाण्यावर एक वर्तुळ.
मग आणखी एक.

आता तिळाएवढी माशी बांधायला हवी.
पिसांच्या या माश्या तीस वर्षं
आम्हा सगळ्यांना हाल्वरनं करून दिल्या.
गेली दोन वर्षं देत नाही.
डॉक्टरनं त्याच्या हातांना एक नाव दिलंय,
हाल्वर ते नाव घेत नाही. तो म्हणतो, थंडी.
जुलैत तो आमच्यासोबत येत नाही.
जुलैत थंडीवर ढकलता येत नाही.

पण आज कुणाचा हात हलत नव्हता?
माझा दोरा तीनदा नेढ्याच्या बाजूनं गेला.
आर्लिसच्या बोटांतून माशी निसटली,
बर्फात पडलेला तीळ कोण शोधणार?
दुसरी काढली.
व्हर्लिननं शिव्या दिल्या, नॉर्वेजियनमध्ये,
त्याला तेवढंच नॉर्वेजियन येतं.

मग हाल्वर म्हणाला, धर.
मी माशी दोन्ही हातांनी धरली, गुडघ्यावर दाबून.
त्यानं दोऱ्याचं टोक जवळ आणलं आणि थांबला.
दोरा नेढ्यासमोरून जात होता, येत होता,
जात होता, येत होता,
आणि तो ओठांतल्या ओठांत मोजत होता.
थरथरीलाही ठेका असतो, हे मला माहीत नव्हतं.
सातव्या मात्रेला दोरा आत.

मासा वीतभरच होता.
तपकिरी ट्राउट, कुशीवर लाल ठिपके,
प्रत्येक ठिपक्याभोवती निळसर कडं.
हाल्वरनं हातमोजे काढून हात भिजवले,
त्याला पाण्याबाहेर काढलाच नाही.
गळाला काटा नव्हता. मासा एकदा वळला,
आणि ओढ्यात फक्त ओढा उरला.

हाल्वरचा हात तसाच पाण्यात.
हाल्वर, मी म्हटलं.
तो म्हणाला, वरच्यापेक्षा इथे ऊब आहे, बघ.
मी बघितलं. खरंच होती.
आर्लिस वाकली. शेवटी व्हर्लिनही, कुरकुरत.
चौघं बर्फात गुडघे टेकून,
मनगटापर्यंत ओढ्यात,
लांबून टोस्ट्रुडांच्या म्हातारीनं पाहिलं असेल तर
तिला काय वाटलं असेल कुणास ठाऊक.

त्यानंतर कुणाला काही लागलं नाही.
ट्रकमध्ये एकच कप होता, तो फिरला.
कुठेतरी अर्धी कॉफी सीटवर सांडली.
कुणाच्या हातून, ते कुणी बघितलं नाही.