अर्जाची तिसरी प्रत

ओळीमागे दोन पैसे मिळतात,
म्हणून मी अक्षर रुंद काढतो.

मिन्हेर फान लिंडेन खिडकीशी उभे राहून सांगतात:
लिहा, मलाक्का सोडल्यास कंपनी सरकारचं नुकसान किती.
पेराकचं कथील. काळी मिरी. वेत.
पाखरांची घरटी, जी चीनमध्ये
चांदीच्या भावानं जातात.
लिहा, ही सामुद्रधुनी म्हणजे चंचीची नाडी
आणि गाठ इथे आहे.

तान ख्येंग-हाय पानाचा तोबरा सावरत म्हणतात,
वखार पिनांगला हलवायची तर भाडं कोण देणार,
तेही घाला.
घातलं. सातवं कारण.

'बंदर राखावे' लिहू, की 'ठेवावे'? मी विचारलं.
मिन्हेर हसले. ठेवावे.
राखायला खर्च येतो.

ठेवावे.
जशी ठेव पेढीवर,
जशी बाई नदीपलीकडच्या घरात,
जिचं नाव कुठल्याच मृत्युपत्रात येत नाही.
माझी आजी अशीच ठेवलेली होती.
मुद्दल केव्हाच हॉलंडला परत गेलं,
माझे निळसर डोळे तेवढं व्याज.

माणसांविषयी एक ओळ आहे, अकराव्या कारणात:
'रहिवासी शांत असून जकातीस तयार आहेत.'

खाली ओहोटी लागलेली.
बास्तियाओ कमरेइतक्या गढूळ पाण्यात
दोन बांबूंचं जाळं पुढे रेटत चाललाय,
जवळा धरतोय.
फेलिपा तो मीठ लावून वाळवते. त्याचा वास
या खोलीत येतो आणि
लाखेच्या वासावर बसतो.

काल तिनं विचारलं,
साहेब गेले तर बंदर कुठे जाईल?
म्हटलं, पिनांगला.
ती म्हणाली, आणि हे पाणी?

तीन प्रती. एक कलकत्त्याला, एक लंडनला,
एक इथल्या दप्तरात, वाळवीसाठी.
तिसरीत, अकराव्या कारणाखाली,
मी लिहिलं: जवळा.
नुसतं तेवढंच. किती, कुणाचा, काही नाही.

मिन्हेरांनी बोट फिरवून ओळी मोजल्या,
वाचल्या नाहीत.
त्या ओळीचेही दोन पैसे हातावर ठेवले.

संध्याकाळी ते फेलिपाला दिले.
तिनं पानात मूठभर जवळा बांधून दिला,
वर चिमूटभर आणखी.