सातव्या अक्षरानंतर

धरणगावच्या स्टेशन रोडवर
शिडीच्या चौथ्या पायरीवर मी तासभर उभा आहे.
सात अक्षरं झाली. शेवटची दोनही उरकून घेतली.
मधली एक जागा कोरी.

खालून ललवाणी शेठ विचारतात, "लोटन, रंग संपला का?"
रंग आहे, शेठ. डबाभर आहे.
ए काढू की ई, एवढंच अडलंय.
देवनागरीत सांगितलं असतं तर
स्टेशनरी म्हणजे स्टेशनरी,
डोळे मिटून लिहिली असती,
वेलांटीच्या टोकाला फुकटात एक फूलही.
इंग्रजीत मात्र एका अक्षरानं
वह्या-पेनांचं दुकान
जागचं न हलणारं काहीतरी होऊन बसतं.

हे मला पिंजारी मॅडमनी सांगितलं होतं,
शाळेच्या भिंतीवर सुविचार रंगवत होतो तेव्हा.
कोणतं अक्षर कशाचं, तेही सांगितलं होतं.
नेमकं तेवढंच विसरलो.
मॅडम आता नंदुरबारला, लेकाकडे.
फोन उचलत नाहीत.

चूक कशी टिकते ते मला ठाऊक आहे.
सुपडू लोहाराच्या पाटीवर
एल आणि ई माझ्या हातून जागा बदलून बसले
आणि लोखंडी अँगलचे एंजल झाले.
सर्व साइजचे देवदूत
योग्य दरात कापून, वेल्डिंग करून मिळतील.
तीन वर्षं गावानं तिथूनच गेटं नेली,
खिडक्यांच्या जाळ्या, केळीच्या ट्रॉलीचे कठडे.
कोणी काही बोललं नाही.
मग बँकेत बदलून आलेला एक साहेब थांबला,
फोटो काढला, हसत हसत गेला.
मी ब्रश घेऊन धावलो.
सुपडू भट्टीतून मान वर न करता म्हणाला,
"राहू दे भो. अँगल ते समदा इकतस."

त्याचं काय जातं.
मी पहिलीत होतो. गुरुजींनी विचारलं, पाटी कुठे आहे?
मी म्हटलं, आठे.
आठ? आठ पाट्या?
वर्ग हसला.
आमच्या घरात आठे म्हणजे इथे,
आणि पाटी माझ्या मांडीवरच होती.
तेव्हापासून कुठलाही शब्द लिहिण्याआधी
हात जरासा थांबतो.
पोट मात्र शब्द लिहिण्यावरच भरायचं होतं.

काही जोड्या कोणी शिकवाव्या लागल्या नाहीत.
लूज आणि लूझ.
सैल असतं त्यात दोन ओ,
शेजारी शेजारी, घरंगळायच्या बेतात.
हरवतं त्यात एकच उरतो.
हे मी जळगावच्या दवाखान्यात
आईच्या मनगटावर पाहिलं.

फाटकापलीकडे कोळशाची मालगाडी
सकाळपासून सिग्नलला उभी.
आणि हा ए बघा,
दोन पाय फाकवून, कमरेला पट्टा आवळून,
धक्का दिला तरी हलायचा नाही.
ई चं तसं नाही.
ई ला तीन फळ्या.

मी शिडीवरून वाकून दुकानात पाहिलं.
वरच्या फळीवर रजिस्टरं,
मधल्या फळीवर कंपासपेट्या,
खालच्या फळीवर डिंकाच्या बाटल्या, घोटीव कागद
आणि शेठची मांजर, झोपलेली.

उभा दांडा ओढला.
पहिली फळी. दुसरी.
इथेच सोडलं तर एफ.
"पक्कं ना?" शेठनी विचारलं.
ब्रश तिसऱ्या फळीवर टेकला होता.
"आठे तरी," मी म्हटलं.