उठाव (पु.)

क्षीरे सरांनी कार्ड सरकवलं माझ्याकडे:
‘उ’ तुमचा. दोन ओळींत बसवा.
सदाशिव पेठ, दुपारचे साडेतीन.
खाली रद्दीवाल्याचा काटा,
वर पंख्याखाली आम्ही, शब्द जोखत.

बंड आधीच छापून झालं होतं, नपुंसकलिंगी.
बंडाळी स्त्रीलिंगी, आणि म्हणूनच असेल,
तिच्यापुढे अर्थ होता: गोंधळ, बेशिस्त.
सर, हे कुणी ठरवलं?
ज्यांनी मोडली त्यांनी, म्हणाले,
आणि चष्मा पुसत बसले बराच वेळ.

बंड पुकारतात, बंड मोडून काढतात.
तिकीट नाकारलं की बंडोबा,
अर्ज मागे घेतला की थंडोबा.
बंडगार्डनला तर बंड नाहीच,
नदीला आडवा घातलेला बांध आहे.
साहेबाच्या भाषेत बंड म्हणजे थोपवणं.
हे रिक्षावाल्याला सांगू नये, तो मीटर टाकतो.

उठावाचं काम अवघड निघालं.
गुलटेकडीहून कात्रण: कांद्याला उठाव नाही.
लक्ष्मी रोडवरून: या रंगावर काठाला उठाव येतो.
आणि शाळेच्या पुस्तकातून तो, सनासकट,
दरवर्षी अयशस्वी होणारा.
कारणे लिहा. गुण पाच.

माझे वडील तांबट आळीतले, वडके.
राळेवर पत्रा पालथा घालून
मागून ठोकत राहायचे, बारीक, न थांबता,
की पुढच्या बाजूला मोराची मान वर यायची.
पुढून कोरशील तेवढी नक्षी होईल, पोरी.
उठाव मागूनच येतो.

एकदा कसल्याशा अफवेच्या रात्री
पोलिसांनी आळीतल्या हातोड्या उचलून नेल्या.
पंचनाम्यात लिहिलं: हत्यारे, नग अकरा.
वडिलांनी वाचलं, म्हणाले, बरोबर आहे.
हत्यार हा आमच्याकडे भाकरीचा शब्द,
त्यांच्याकडे कलमाचा.
सही केली, वळणदार.
सतरा दिवस आळीत आवाज नव्हता.
समोरच्या सुभद्राकाकूंना झोप लागेना.
अकरातल्या नऊ परत आल्या.

सशस्त्र लिहायचं का, सर?
लिहा. नाहीतर संप, मोर्चा, सगळेच आत शिरतील.
लिहिलं: सत्तेविरुद्ध केलेला सशस्त्र.
पुढे जागा होती, मी थांबले.
शस्त्र म्हणजे काय, ते ‘श’कडे बघतील,
‘श’ पोंक्षेबाईंकडे आहे, त्या रजेवर.

बॉलपेन दाबून लिहायची माझी सवय जुनी.
कार्ड सरांपुढे ठेवताना पालथं पडलं,
आणि कोऱ्या बाजूवर
सगळी अक्षरं वर आलेली,
उलटी,
बोटाला लागतील अशी.